बिदागी कोणी द्यायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाणं फुकट ऐकायला मिळावं, ही इच्छा काही मोबाईलबरोबर जन्माला आलेली नाही. आमच्या दहिवलीतून उल्हास नदीचा पूल ओलांडला की कर्जत. तिथून मुंबईला निघणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळींचा ठरलेला डबा असतो. टाळ, ढोलकी आणि एखादा पहाडी आवाज. कल्याण येईपर्यंत अर्धा डबा माना डोलावत असतो. कुणी पैसे देत नाही, कुणी मागतही नाही. बुवांचा पगार मुंबईतल्या कुठल्याशा कचेरीत व्हायचा असतो. गाणं ही त्यांची हौस.

ज्याची चूलच गाण्यावर पेटते त्याचं तसं नसतं. आमच्या भागात लग्नसराईत बेंजो पार्टीला मोठा मान. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तारांचं वाद्य, ते भोंग्याला जोडलेलं, सोबत ढोलकी, कीबोर्ड आणि हळदीची रात्र. आगरी असो, मराठा असो की आमच्या मोहल्ल्यातलं लग्न असो, बेंजो नसेल तर वऱ्हाड रुसतं. या पार्टीतल्या एका मुलानं मला मध्यंतरी विचारलं, ‘चाचा, गाणं आता प्रत्येकाच्या खिशात फुकट आहे. हळदीला डीजे लावला की काम भागतं. मग आम्ही काय वाजवून पोट भरायचं?’

मी कविता लिहिणारा माणूस. अर्थशास्त्राशी माझा संबंध महिनाअखेरीपुरता. पण बी.ए.ला इतिहास घेतला होता, आणि इतिहास सांगतो की हा प्रश्न आपल्याकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपुढे या आधीही उभा राहिला आहे. दर वेळी कुणीतरी गाणं एका नव्या वाटेनं लोकांपर्यंत नेलं, आणि दर वेळी गाणारा जुन्या वाटेवर पैशांची वाट पाहत उभा राहिला.

जुनी वाट म्हणजे बिदागी. शब्द किती नेमका आहे बघा. ‘बिदा’ म्हणजे निरोप. पाहुण्या कलावंताला निरोप देताना हातावर ठेवायची ती बिदागी. त्यात एक गोष्ट गृहीत आहे: गाणारा तुमच्या दारी आला आहे आणि आता निघाला आहे. पेशवाईच्या अखेरीस होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर, अनंत फंदी आणि मूळ जेजुरीचा, जातीनं शिकलगार मुसलमान असलेला सगनभाऊ, या साऱ्यांचं घर अशा बिदागीवर आणि धन्याच्या मर्जीवर चाललं. १८१८ साली पेशवाई बुडाली. दुसरा बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला आणि शाहिरांची बिदागी त्याच्याबरोबर नर्मदेपार गेली. मागे लावणी राहिली. ती तमाशाच्या फडात गेली, गावोगाव गाजली, कुणीही गाऊ लागलं. रचणाऱ्याला त्याचा पैसा मिळावा, ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

दरबारातल्या ख्यालियांनी मात्र आपली मालमत्ता राखण्याचा एक उपाय शोधला होता. तो म्हणजे लपवणं. घराण्यातली अस्सल चीज मुलाला, जावयाला, फार तर एखाद्या जिवाभावाच्या शागीर्दाला द्यायची. बाकीच्यांना वर्षानुवर्षं पलटे घोटायला लावायचे. मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून बंदिशी दिल्याच्या हकिकती आपण चवीनं सांगतो. पण त्या हकिकतींत एक व्यवहार आहे, तिकडे लक्ष जात नाही. बंदिश हुंड्यात देता येत होती, म्हणजे ती जमीन-दागिन्यासारखी इस्टेट होती. ती दहा जणांना आली की तिची किंमत उतरणार, हे उस्तादाला कळत होतं.

अशा काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आले. मुंबईचे, व्यवसायानं वकील. देशभर हिंडून त्यांनी उस्तादांकडून चीजा गोळा केल्या, त्यांची स्वरलिपी केली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ म्हणून छापून टाकल्या. जयपूरच्या मनरंग घराण्यातल्या आशिक अली आणि अहमद अली या भावांकडून त्यांनी फोनोग्राफवर पुष्कळ बंदिशी भरून घेतल्या. मुलांनी घरचं धन असं वाटलेलं कळल्यावर वडील महंमद अली खाँ संतापले, पुढे भातखंड्यांनी त्यांची समजूत घातली आणि खाँसाहेबांनी त्यांना शिष्य मानलं, अशी हकिकत सांगितली जाते.

भातखंड्यांनी केलं ते व्हायलाच हवं होतं. त्यांच्या पोथ्या नसत्या तर शेकडो चीजा कबरीत गेल्या असत्या, आणि मध्यमवर्गातल्या मुलामुलींना गाण्याचा उंबरठा ओलांडताच आला नसता. पण याच गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आपण नेहमी एक वाक्य चिकटवतो, की उस्ताद कोत्या मनाचे होते. हे मला पटत नाही. त्यांच्यासाठी कायदा नव्हता, पेन्शन नव्हती, विमा नव्हता. होती ती चीज आणि गळा. गळा म्हातारपणी साथ सोडतो. उरते ती चीज, आणि तीही आठ आण्यांच्या पुस्तकात आली तर माणसानं करायचं काय? आज एखादी मोठी कंपनी आपलं गाणं कुलपात ठेवते तेव्हा त्याला आपण बौद्धिक संपदा म्हणतो. उस्तादानं तेच केलं तर त्याचा कोतेपणा!

बरं, सगळे उस्ताद लपवणारे होते असंही नाही. बडोद्यात मौलाबक्ष खाँनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं १८८६ साली गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलिपी बनवली, पुस्तकं छापली. भातखंड्यांच्या कितीतरी आधी. फरक एवढाच की मौलाबक्षांच्या पाठीशी दरबारचा पगार होता. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला वाटून टाकणं परवडतं.

उलट बाजूनं अल्लादिया खाँसाहेबांकडे पाहा. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी त्यांची अनेक वर्षं निर्धास्त गेली. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले. ग्रामोफोनचा तो भरभराटीचा काळ. कंपन्या गायकांच्या मागे फिरत होत्या. खाँसाहेबांनी एकही तबकडी मागे ठेवली नाही. १९४६ साली ते गेले. आज त्यांचा आवाज कसा होता हे आपण केसरबाई, मोगूबाई, मंजी खाँ यांच्या गाण्यावरून ताडायचं. रसिक म्हणून मला याची हळहळ वाटते. पण शिकवण्यावर ज्यांचं घर चालत होतं, त्या माणसानं आपली अनवट चीज काळ्या तबकडीत बंद करून बाजारात का सोडली नाही, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

तबकड्यांचं म्हणाल तर त्यांची सुरुवात आपल्याकडे १९०२ सालची. फ्रेड गाइसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक लंडनहून कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तीन मिनिटांत ख्याल-ठुमरी आटपायची आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारायचं. नाव का, तर तबकडी परदेशी कारखान्यात तयार होणार, तिथल्या माणसाला कळावं कुणाची आहे ती. हा तपशील मला फार आवडतो. गाण्याला नाव चिकटवण्याची सक्ती आपल्याकडे आली ती कारखान्याच्या सोयीसाठी. गौहरजानच्या पुढे शेकडो तबकड्या निघाल्या, तिचं चित्र काडेपेटीवर आलं. आणि तिचा शेवट? १९२८ साली तिनं म्हैसूरच्या राजवाड्यात पगारी गायिकेची नोकरी पत्करली आणि जानेवारी १९३० मध्ये तिथेच ती वारली. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवालीला म्हातारपणी जगवलं ते एका संस्थानिकाच्या पगारानं. त्या काळी गायकाला बहुधा ठोक रक्कम मिळे. नंतर ती तबकडी इराण्याच्या हॉटेलात दिवसातून पन्नास वेळा वाजो, गाणारीला त्याची खबरही नसे.

तिकीट लावून गाणं, हा दुसरा मार्ग. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी तो धीटपणे धरला. संस्थानिकांचा आश्रय सोडून तिकिटाचे जलसे केले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईला आणलं. स्वतःचा छापखाना, स्वतःची पुस्तकं, विद्यार्थ्यांचं राहणं-खाणं. गाण्याला आणि गाणाऱ्याला समाजात मान मिळवून दिला तो या माणसानं. हिशेबात मात्र ते हरले. कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली. मिरजेचे अब्दुल करीम खाँही जलशांच्या तिकिटांवर आपलं आर्य संगीत विद्यालय चालवत होते. तिकडे १८८० पासून संगीत नाटकानं तर तिकिटाचं गणित घराघरात पोचवलं होतं. पण १९३१ मध्ये ‘आलमआरा’ बोलला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि दोनच वर्षांत खुद्द बालगंधर्वांना आपली मंडळी गुंडाळून प्रभात कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं. मूकपटाच्या थिएटरात पडद्यासमोर बसून पेटी-तबला वाजवणाऱ्यांची तर नोंदही कुणी ठेवली नाही. पडदा बोलू लागला त्या आठवड्यात ते बेकार झाले असणार.

आणि मग आला रेडिओ. ज्या माध्यमातून मी हे बोलतो आहे त्याबद्दल बोलताना जरा संकोच होतो, पण गाणं फुकट वाटूनही गाणाऱ्याला जगवता येतं, याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग इथेच झाला.

मुंबईचं केंद्र जुलै १९२७ मध्ये एका खासगी कंपनीनं सुरू केलं होतं. ती तीन वर्षांत बुडाली आणि सरकारनं कारभार घेतला. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याकडचे. त्यांची थट्टा आजवर पुष्कळ झाली आहे. सिनेमाची गाणी त्यांनी जवळजवळ हद्दपार केली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे पळाले. १९५७ साली ‘विविध भारती’ काढून त्यांना परत आणावं लागलं. पेटीवर तर १९४० पासूनच आकाशवाणीत बंदी होती, ती १९७१ पर्यंत उठली नाही. पेटीवाल्यांनी तीस वर्षं काय सोसलं असेल! केसकरांच्या काळातल्या स्वरचाचणीनं मोठमोठे उस्ताद दुखावले. सत्तरीच्या खाँसाहेबांनी समितीपुढे बसून पास-नापास व्हायचं, हे त्यांना कसं रुचावं?

पण याच काळात देशभरच्या केंद्रांवर सारंगिये, तबलजी, तंबोऱ्यावर बसणारे, बासरीवाले, यांना महिन्याच्या महिन्याला पैसे मिळू लागले. संस्थानं विलीन झाली होती. कोठे बंद पडत होते. सारंगीवाल्याला तर कुणी वाली उरला नव्हता. त्यातल्या कित्येकांना आकाशवाणीच्या ‘स्टाफ आर्टिस्ट’ या कोरड्या सरकारी शब्दानं तारलं. श्रोत्यानं काय दिलं? वर्षाचं रेडिओचं लायसन. पोस्टात जाऊन भरायचं. आमच्या घरी ते लायसनचं लाल पुस्तक माझ्या वडिलांनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. ते लायसन १९८०च्या दशकात बंद झालं, म्हणून आपल्याला वाटतं की रेडिओ नेहमीच फुकट होता. तो फुकट नव्हता. पैसे वर्षातून एकदा, एका ठिकाणी भरले जात आणि तिथून काही वाटा वाजवणाऱ्याकडे जाई.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. केंद्रावरच्या सीताकांत लाडांचा आग्रह, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. आठवड्याला एक, अशी वर्षभरात छप्पन्न गीतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे गळे. लोक सकाळी रेडिओपुढे वही-पेन्सिल घेऊन बसत आणि गीत उतरवून घेत. वर्तमानपत्रं शब्द छापू लागली. आजच्या भाषेत सांगायचं तर ही सगळी ‘कॉपी’. या फुकट वाटपानं गीतरामायणाचं काही बिघडलं का? उलट, पुढची चार दशकं सुधीर फडके गावोगाव गीतरामायण गात राहिले आणि ज्यांना ते तोंडपाठ होतं तेच लोक तिकीट काढून बसत. माझ्या ओळखीत कित्येक मुसलमान घरं आहेत जिथे ते रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं गेलं आणि चालींसकट पाठ झालं.

हे का जमलं, याचा मी अनेकदा विचार केला आहे. एक तर रेडिओनं मानधन आधी दिलं होतं, ऐकणाऱ्याकडून वसुली करायची नव्हती. आणि दुसरं, दर वेळी नावं सांगितली जात होती. कवीचं, संगीतकाराचं, गायकाचं. ‘एक जुनं भक्तिगीत’ असं कुणी म्हणत नव्हतं. गाणं कितीही हातांतून गेलं तरी नाव सुटलं नाही, म्हणून मैफिलीचं आमंत्रण बरोबर पत्त्यावर पोचलं.

कायद्याला हे कळायला फार वेळ लागला. १९५७चा कॉपीराइट कायदा झाला तेव्हा त्यात संगीताची व्याख्याच अशी होती की जे छापलेलं किंवा लिहिलेलं आहे ते संगीत. म्हणजे ज्या देशात गाणं गळ्यातून गळ्यात जातं, तिथे गळ्याला कायद्यात जागाच नाही! १९७७ साली सुप्रीम कोर्टानं चित्रपट निर्मात्यांच्या बाजूनं निकाल दिला, की निर्मात्यानं पैसे देऊन गाणं करून घेतलं की हक्क त्याचा. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडलं आणि गाणाऱ्याला या कायद्यानं वाऱ्यावर सोडलं आहे याकडे संसदेचं लक्ष वेधलं. संसदेनं लक्ष दिलं ते १९९४ साली. तेव्हा व्याख्या बदलली आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर पहिल्यांदा हक्क मिळाला.

त्याच्याही आधी, १९६०च्या दशकात, लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात याच मुद्द्यावरून बिनसलं होतं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. लताबाईंचं म्हणणं, रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकाला त्यातला वाटा हवा. रफीसाहेबांचं म्हणणं, आपण गायलो, पैसे घेतले, विषय संपला. रफीसाहेबांवर माझं अपार प्रेम आहे आणि त्यांच्या म्हणण्यात जुन्या बिदागीचं खानदानी वळण आहे. पण खऱ्या होत्या लताबाई. मैफिलीतला गायक निरोप घेऊन जातो. तबकडीतला जात नाही. तो दुकानात, हॉटेलात, रेडिओवर कामाला जुंपलेलाच असतो. ज्यानं निरोप घेतलेला नाही त्याची बिदागी चुकती झाली असं कसं म्हणायचं? हा मुद्दा कायद्यात उतरायला २०१२ साल उजाडलं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत नेटानं बाजू मांडली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा केला गेला की तो करारात लिहूनही सोडून देता येत नाही. व्यापारी वापरातली रॉयल्टी गायक-वादकांनाही लागू झाली.

मध्यंतरी काय काय होऊन गेलं ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. कॅसेट आली. १९८३ साली टी-सीरिज निघाली आणि एका कंपनीची मक्तेदारी मोडली. प्रह्लाद शिंदे, कोळीगीतं, भीमगीतं, कव्वाल्यांचे मुकाबले, हे सगळं पानपट्टीच्या टपरीपर्यंत पोचलं. बाजारपेठेत कोरी कॅसेट दिली की हव्या त्या गाण्यांची यादी भरून देणारी दुकानं होती. त्यातला पैसा गाणाऱ्यापर्यंत जातो का, असं कुणी विचारलं नाही. नंतर सीडी, नंतर मोबाईलची चिप भरून देणारा. अमेरिकेत १९९९ साली नॅपस्टर निघालं आणि कोर्टानं दोन वर्षांत त्याला थंड केलं, पण सवय गेली नाही. २०१६ साली जिओनं इंटरनेट स्वस्त केलं आणि दहिवलीतला भाजीवालासुद्धा हातगाडीवर यूट्यूब लावू लागला. ऐकणाऱ्याला सगळं फुकट वाटतं खरं, पण तो दर महिन्याला रिचार्ज मारतो आणि गाण्याआधी जाहिरात पाहतो. पोस्टातल्या लायसनची जागा रिचार्जनं घेतली, एवढंच. पैसा आहे. तो कुणाकडे वळतो हा प्रश्न आहे, आणि तो नावाच्या मागे वळतो.

आता आमच्या बेंजोवाल्या मुलाकडे येतो. लग्नात तो सिनेमाचं गाणं वाजवतो. कायद्यानं त्याला त्यात सूट आहे. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणं वाजवायला परवाना लागत नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तसं पत्रक काढून पुन्हा सांगितलं, तरी वाद मिटला नाही आणि पुढच्या वर्षी गोवा सरकारचं याच विषयावरचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. एकूण, हळदीत ‘झिंगाट’ वाजलं तर संगीतकाराला काही मिळत नाही, बेंजोवाल्याला त्याची सुपारी मिळते. तोच बेंजोवाला त्या वाजवण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो तेव्हा उलटं होतं. जाहिरातीचा पैसा बहुधा गाण्याच्या कंपनीकडे जातो, आणि जाहिरातीत वाटा हवा असेल तर एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तासांचं पाहणं, ही २०१८ पासूनची अट आधी पुरी करावी लागते. हे मला अन्याय्य वाटत नाही. दुसऱ्याची चाल आहे.

अन्याय मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी तिच्या धवल्यांवर चालतात. तिला साडी, नारळ आणि थोडे पैसे मिळतात, तीही बिदागीच. आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं आपल्या आजीचा धवला मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकला. आठ दिवसांत सूचना आली की ही चाल एका कंपनीच्या मालकीची आहे. त्या कंपनीनं केव्हातरी तसाच एक धवला स्टुडिओत गाऊन घेतलेला, खाली कीबोर्डचा ठेका. शब्द आणि चाल यांच्यापुढे छापलं होतं: पारंपरिक. आजीनं तो तिच्या मावशीकडून घेतला होता आणि त्यात चार ओळी स्वतःच्या घातल्या होत्या. त्याही त्या ‘पारंपरिक’मध्ये गेल्या.

हा शब्द मी कॅसेटच्या वेष्टनांवर लहानपणापासून वाचत आलो. वाचताना छान वाटतो, मातीचा वास येतो. व्यवहारात त्याचा अर्थ ‘कुणाला पैसे द्यायचे नाहीत’ एवढाच होतो. धवला कुणा एकाच्या मालकीचा नाही, हे मान्य. पण आजीनं त्या दिवशी, त्या मांडवात गायलेला धवला आजीचा आहे; १९९४ पासून कायदाही तेच म्हणतो. मुलीनं हरकत नोंदवली आहे. मी तिला अर्जाची भाषा तेवढी नीट करून दिली.

म्हणून मी बेंजोवाल्या मुलाला म्हटलं, गाणं फुकट फिरतंय याला घाबरू नकोस. ते कुणाला अडवता आलेलं नाही, अल्लादिया खाँसाहेबांनाही शेवटी शिष्य घडवावेच लागले. हळदीला जो माणूस नाचायला उठतो, तो समोरच्या ढोलकीवाल्यानं त्याच्याकडे बघून ठेका बदलला म्हणून उठतो. ते डीजेला जमत नाही आणि त्याचे पैसे मागायला लाजायचं कारण नाही. बयाणा घे, कागदावर लिहून घे. आणि स्वतःची चाल कर. केलीस की त्याच दिवशी तारखेनिशी टिपून ठेव, वाजवणाऱ्या पाचही जणांची नावं घाल, गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीत नोंदव. ‘पारंपरिक’ लिहू नकोस.

त्याच्या वडिलांची गोष्ट वेगळी. त्यांनी तीस वर्षं सनई वाजवली, आता दात गेले. महाराष्ट्र सरकारची वृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठी जुनी मानधन योजना आहे. २०२४ पासून तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आहे आणि मानधन दरमहा ५००० रुपये केलं आहे. अल्लादिया खाँसाहेबांना पदरी ठेवणाऱ्या राजाचं नाव, हे कुणाला सुचलं असेल ते छानच सुचलं. मात्र अर्जासोबत कलेचे पुरावे लागतात: कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो. सनईवाल्याची पत्रिका कोण छापतो? लग्नपत्रिकेत आत्या-मामांची नावं असतात, वाजवणाऱ्याचं नसतं. धवलारणीचं तर नाहीच नाही.

तेव्हा सध्या मी एक वही केली आहे. दहिवली, भिसेगाव, मुद्रे आणि आसपासच्या वाड्यांतल्या ज्यांच्या घरी गेल्या तीस-चाळीस वर्षांत लग्नं झाली, त्यांच्याकडे जातो, जुने अल्बम आणि व्हिडिओ कॅसेटी काढायला लावतो, आणि कोपऱ्यात वाजवताना, गाताना दिसणारा माणूस कोण, ते विचारून फोटोच्या मागे नाव, गाव आणि लग्नाची तारीख लिहून घेतो. घरमालकाची सही घेतो. पन्नासहून जास्त फोटो झाले आहेत. नऊ जणांचे अर्ज पुरे झाले, त्यांत तीन धवलारणी आहेत.